भट्टी नको, कोळसा नको, धरण नको... मग वीज आणायची कुठून? (जैतापूर आणि इतर)

राजापूरकर_डोंबिवली

२०२५ च्या डिसेंबरात संसदेने अणुऊर्जेचा नवा कायदा, तो 'शांती' कायदा, मंजूर केला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा दायित्व कायदा (अपघात झाला तर भरपाई कोणी द्यायची ते ठरवणारा) दोन्ही गेले, खासगी कंपन्यांनाही या धंद्यात येता येणार. तेव्हापासून आमच्या राजापूर तालुक्याच्या व्हॉट्सअॅप गटांवर जैतापूरचा अणुवीज प्रकल्प पुन्हा पेटलाय. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी दिल्लीत आले तेव्हा करार झाला. १६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या, एकूण ९९०० मेगावॉट. माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली अशा गावांची मिळून साडेनऊशेच्या आसपास हेक्टर जमीन गेली. पुढे भट्ट्या देणारी फ्रेंच अरेवा कंपनी डबघाईला आली, फ्रान्सच्याच ईडीएफ या वीज कंपनीने तिचा भट्ट्यांचा धंदा घेतला, २०२१ ला नवा प्रस्ताव दिला. माडबनच्या सड्यावर (पठारावर) अजून भट्टीचा पत्ता नाही.

'हवी की नको' असा कौल मला लावायचा नाही. तो गटांवर रोज लागतो. मला वेगळंच वाटतं. लोकांचं मत अणूबद्दल नसतंच. दाभोळला गॅस होता, जैतापूरला अणू, नाणारला तेलशुद्धीकरण, मग बारसूला पुन्हा तेच तेल. चारही ठिकाणी विरोधाचे मुद्दे तुम्ही शेजारी ठेवून वाचा, निम्मी वाक्यं सारखी सापडतील. आणि 'फुकुशिमामुळे लोक घाबरले' हे जे शहरात म्हणतात ते तर साफ खोटं. फुकुशिमा झालं मार्च २०११ मध्ये. माडबनकरांनी जमिनीचे चेक नाकारले ते २०१० च्या सुरुवातीला. म्हणजे भीती नंतर आली, राग आधीच होता.

तेव्हा प्रश्न असा: विजेच्या कुठल्याही प्रकल्पाबद्दल आपलं मत नेमकं कशावर ठरतं? आपापल्या भागातलं लिहा. टीव्हीवरचं नको.

टर्बाइन_निवृत्त

चांगला धागा. औष्णिक केंद्रांत आयुष्य गेलं, म्हणून आधी कोळशाबद्दल. देशातली साधारण सत्तर टक्क्यांवर वीज आजही कोळशाची, अणूची जेमतेम तीन टक्के. चंद्रपूर एकटं २९२० मेगावॉटचं. त्याविरुद्ध राज्यभर मोर्चा निघालेला कोणाला आठवतो का? राख रोज पडते, म्हणून तिची बातमी होत नाही. २०२२ च्या पावसाळ्यात नागपूरजवळ खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, राखेचं पाणी शेतात आणि नदीत गेलं, मुंबई-पुण्याच्या लोकांना पत्ताही नाही. परळीचं केंद्र २०१५ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून बंद ठेवावं लागलं. कोळशाला नुसता कोळसा लागत नाही, धरण लागतं.

उलट कैगा बघा. कारवारपासून जवळ. तिथली पहिली भट्टी २०१८ च्या अखेरीस सलग ९६२ दिवस चालून थांबली, तेव्हाचा जागतिक विक्रम. राज्याची मागणी तीस हजार मेगावॉटच्या घरात गेलीय. ही रात्री साडेसातला सूर्यावर भागत नाही. मत कशावर ठरतं विचारलंत म्हणून सांगतो: बहुतेकांचं मत अज्ञानावर ठरतं.

नाटेकर_होडीवाला

टर्बाइनकाका, अज्ञान कोणाचं ते बघू.

आम्ही साखरी नाट्याचे. आमची एक गुंठाही जमीन प्रकल्पात गेली नाही, तरी सगळ्यात जास्त विरोध आमच्या गावातून झाला आणि १८ एप्रिल २०११ ला गोळीबारात माणूस गेला तोही आमच्याच गावचा. का? पर्यावरण अहवालातच लिहिलं होतं की सहा भट्ट्या थंड करायला रोज ५२०० कोटी लिटर समुद्राचं पाणी घेणार आणि ते पाच अंशांनी गरम करून परत सोडणार. मासा पाच अंश सहन करतो की नाही हे मला शाळेत शिकायची गरज नाही. पाणी बदललं की बांगडा बाहेर सरकतो, आमच्या लहान होड्या तेवढ्या बाहेर जात नाहीत. त्यात भट्टीभोवती सुरक्षेचा पट्टा आला की किनाऱ्यालगतची मासेमारी संपली.

२०१३ ला जमीनवाल्यांना हेक्टरी साडेबावीस लाख जाहीर झाले. मग चेक घेणाऱ्यांची रांग लागली, मी त्यांना दोष देत नाही. पण समुद्राचा सातबारा कोणाच्या नावावर असतो? आम्ही कुठला उतारा घेऊन जायचं?

राजापूरकर, तुमचं 'अणूबद्दल नसतंच' हे मला अर्धंच पटतं. गरम पाणी ही तंत्राचीच गोष्ट आहे. जमीन विचारून घेतली, गोड बोलून घेतली, तरी पाणी गरमच होणार.

खवचट_काटदरे

डोंबिवलीतून राजापूरच्या विजेची चिंता. एसी किती टनाचा आहे तेवढं सांगून पुढे चला. 😀

राजापूरकर_डोंबिवली

दीड टनाचा. चला पुढे.

@नाटेकर, मुद्दा मान्य, नोंदवून ठेवतो. यावर टर्बाइनकाकांचं उत्तर हवं.

टर्बाइन_निवृत्त

देतो. किनाऱ्यावरच्या केंद्रांना आपल्याकडे सात अंशांपर्यंत मुभा आहे, इथे पाचच ठरवले आणि तेही पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी. खोल पाण्यात सोडलं की ते पसरून झपाट्याने थंड होतं. शिवाय कोळशाचं किनाऱ्यावरचं केंद्रही समुद्राचंच पाणी गरम करतं. जयगडला आहेच. तिथे एवढी ओरड झाली नाही.

नाटेकर_होडीवाला

जयगडला ओरड झाली नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं? आंबावाले कोर्टात गेले होते. तुमच्यापर्यंत पोचली नाही एवढंच.

बोईसर_लोकल

इथे तारापूरवाला कोणीच बोलत नाहीये म्हणून लिहितो. देशातली पहिली अणुवीज १९६९ ला आमच्याकडे सुरू झाली, जनरल इलेक्ट्रिकच्या दोन भट्ट्या. पुढे २००५-०६ मध्ये ५४० मेगावॉटच्या दोन देशी आल्या. भट्टीच्या सावलीत राहून मत कसं ठरतं ते ऐका.

घाबरतो का? भट्टीला नाही. आम्हाला भीती वाटते ती एमआयडीसीची. रात्री वास सुटला की खिडक्या लावायच्या, आणि स्फोट तर अधूनमधून होतातच, माणसं मरतात, दोन दिवस बातमी, मग गप्प. भट्टीत असं काही झालेलं मी पाहिलेलं नाही. आपत्कालीन सराव होतात, सायरन वाजतो, लोक चहा पीत बघतात.

पण राग आहे. नव्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठवली. नवीन ठिकाणी घरं दिली, पण समुद्र तिथे नाही. मच्छीमाराला समुद्रापासून लांब प्लॉट देणं हे पुनर्वसन म्हणायचं का? प्रकरण हायकोर्टात वर्षानुवर्षं चाललं. शिवाय भारनियमनाच्या काळात भट्टीच्या आसपासच्या पाड्यांवर अंधार आणि तारा डोक्यावरून पुढे गुजरातला, मुंबईला. त्या दिवसांत तारापूरची वीज देशातल्या सगळ्यात स्वस्त विजेत गणली जायची. स्वस्त कोणाला, हा प्रश्न.

तर राजापूरकरांच्या बाजूने माझं एक मत. आमच्या पिढीला अणूची भीती नाही, तरीही उद्या पाचवी भट्टी म्हणाले तर गाव रस्त्यावर उतरेल.

मावळतीचा_मुळशीकर

अहो, हे सगळं शंभर वर्षं जुनं आहे. १९२१ मध्ये मुळशीला टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. धरण कशासाठी? पाणी घाट उतरवून भिऱ्याला वीज करायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना द्यायची. तेव्हा ना अणू होता, ना राख, ना किरणोत्सर्ग. पांढरी स्वच्छ जलविद्युत. मावळ्यांची भातखाचरं मात्र बुडाली. सावकारांनी आणि बिगरशेतकरी जमीनमालकांनी पैसे घेऊन वाट मोकळी केली, कुळांच्या हाती काही लागलं नाही.

मग कोयना. 'महाराष्ट्राची भाग्यलक्ष्मी' शाळेत पाठ केलंय सगळ्यांनी. १९६० मेगावॉट, राज्याच्या संध्याकाळच्या मागणीला आजही तिचाच आधार. तिथले विस्थापित अजून कोयनानगरला आंदोलनाला बसतात, नातवंडांची पिढी. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप झाला त्यात पावणेदोनशेच्या वर माणसं गेली आणि तो जलाशयामुळे झाला असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. महाराष्ट्रात वीज प्रकल्पाशी जोडलेली सगळ्यात मोठी जीवितहानी धरणाची आहे, भट्टीची नव्हे. तरी 'धोकादायक' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अणुभट्टीचा घुमटच येतो.

डॉ_अनामिक

मुळशीकरांना +१.

किरणोत्सर्गाबद्दल थोडं, कारण त्यावर बोलायचं सगळे टाळतायत. केरळात करुणागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइट या किरणोत्सर्गी खनिजाच्या वाळूमुळे नैसर्गिक किरणोत्सर्ग इतर ठिकाणांपेक्षा कितीतरी जास्त. हजारो लोकांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला, कर्करोग वाढलेला आढळला नाही. फुकुशिमात किरणोत्सर्गाने गेलेला म्हणून जपान सरकारने अधिकृतपणे मान्य केलेला मृत्यू एक. घाईघाईने माणसं हलवण्यात, विशेषतः इस्पितळांतले आणि वृद्धाश्रमांतले रुग्ण, आणि नंतरच्या हालअपेष्टांत त्या एका प्रांतात दोन हजारांवर माणसं गेली. भीतीने जास्त मारलं.

हे सांगितलं की लोक म्हणतात, डॉक्टर कंपनीचा माणूस आहे.

नाटेकर_होडीवाला

डॉक्टर, तुम्हाला कंपनीचा माणूस नाही म्हणत. पण हलवताना माणसं मेली हे तुम्ही आमची समजूत काढायला सांगताय की घाबरवायला? जपानला जमलं नाही ते आमच्या तालुक्याला जमेल? नाट्याहून रत्नागिरीला पेशंट न्यायचा तर पावसाळ्यात काय होतं ते या आणि बघा.

डॉ_अनामिक

...याला माझ्याकडे उत्तर नाही. ग्रामीण रुग्णालयात काम केलंय, त्यामुळे खरंच नाही.

इसार_काठचा_भाऊ

जर्मनीतून लिहितोय, बव्हेरिया. राजापूरकर, तुमच्या सिद्धांताला इथे तडा जातो बघा.

इथे कोणाची शेती फुकट घेतली नाही, गावांना भट्टीपासून भरपूर कर मिळायचा. तरी विरोध कट्टर. वाकर्सडॉर्फला ऐंशीच्या दशकात अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेचा कारखाना येणार होता, पोलिसांशी लढाया होऊन १९८९ ला तो सोडून द्यावा लागला. १९८६ ला चेर्नोबिलचा ढग इथे येऊन बरसला होता. आजही जंगलातलं रानडुक्कर मारलं की मांस तपासतात, किलोला ६०० बेकरेलच्या (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) वर निघालं तर विकता येत नाही. चाळीस वर्षं होत आली! इथल्या आज्यांना हे कोणी पुस्तकातून सांगितलं नाही, त्यांनी त्या वसंतात मुलांना वाळूत खेळू दिलं नव्हतं. तेव्हा अणूची भीती ही अणूचीच असते, जमिनीची नाही.

आणि आता गंमत. २०११ ला मर्केलबाईंनी भट्ट्या बंद करायचं ठरवलं तेव्हा देश त्यांच्या मागे होता. १५ एप्रिल २०२३ ला शेवटच्या तीन बंद झाल्या, त्यात आमच्या जवळची इसार-२. त्याच महिन्यात एआरडी या इथल्या वाहिनीच्या पाहणीत ५९ टक्के लोक म्हणाले की निर्णय चुकला. मधल्या काळात काय बदललं? भट्टी तीच. बदललं ते गॅसचं बिल. रशियाचा गॅस तुटला आणि तत्त्वं पातळ झाली.

कचऱ्याचं मात्र कोणाकडेच उत्तर नाही. तो पुरायला गोर्लेबेनची जागा तपासण्यात चाळीसेक वर्षं घालवून २०२० ला ती जागा यादीतून काढली. शोध चालू.

राजापूरकर_डोंबिवली

भाऊ, तडा मान्य. म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत म्हणू: ज्याच्या अंगावर ढग येऊन गेला त्याला अणूची भीती, आणि ज्याची जमीन गेली त्याला सरकारची. कोकणात पहिली अजून आयात केलेली आहे, दुसरी घरची. नाटेकरांचं गरम पाणी यात तिसरं.

शिंदखेडा_शिवार

सगळे अणूवर बोलताय, सूर्याला मोकळं सोडलंय. आमच्या धुळे जिल्ह्यात या.

सोलर म्हटलं की शहरात टाळ्या. साक्रीला २०१३ मध्ये १२५ मेगावॉटचा प्रकल्प झाला, चांगला चाललाय. पण दोंडाईच्या सौर प्रकल्पासाठी जमीन घेतली त्यात विखरणच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला शेजाऱ्याच्या मानाने इतका कमी मोबदला मिळाला की दार ठोठावून ठोठावून शेवटी २०१८ च्या जानेवारीत त्याने मंत्रालयातच विष घेतलं. ८४ वर्षांचा माणूस. सौर ऊर्जेसाठी! आता सांगा, हरित कशाला म्हणायचं?

तरी मी सोलरच्या बाजूचा आहे, आणि कारण साधं आहे. शेतीपंपाला वीज रात्रीची मिळते. थंडीत दोन वाजता उसाला पाणी द्यायला जायचं, हातात बॅटरी, आणि बिबट्या आता आमच्याकडेही आलाय. ज्या फीडरला सौर वाहिनी जोडली तिथे दिवसा वीज मिळू लागली. ज्याला दिवसा पाणी द्यायला मिळालं तो माणूस सोलरविरुद्ध एक शब्द ऐकून घेणार नाही. मत असं ठरतं. माझा स्वतःचा सौरपंप मात्र दुसऱ्या पावसाळ्यात बंद पडला आणि बसवणारा फोन उचलत नाही, ते जाऊ द्या.

चाळकेवाडी_वारं

साताऱ्याकडं पवनचक्क्या आल्या तेव्हा गावात अफवा होती की पाती ढग कापतात म्हणून पाऊस पडत नाही. लोकांनी आंदोलनं केली यावर! पुढं ज्यांच्या रानात खांब आला त्यांना पैसं मिळालं आणि पाऊसही आपोआप पडायला लागला. 😀

वनकुसवड्याच्या पठारावर आता जुनी यंत्रं गंजतायत. कमी ताकदीची, पण सगळ्यात चांगल्या वाऱ्याच्या जागा अडवून बसलीत. ती काढून नवी लावा म्हणून कोणी मोर्चा काढत नाही.

हिशेबनीस

आता पैशाचं बोला. भावना झाल्या भरपूर.

जैतापूरला जी भट्टी येणार तिचं नाव ईपीआर. फ्रान्समध्ये फ्लामाव्हिलला तिचं काम २००७ ला सुरू झालं, अंदाज ३.३ अब्ज युरो. ग्रिडला जोडली डिसेंबर २०२४ मध्ये, खर्च १३ अब्जांच्या पुढे. फिनलंडची ओल्किलुओटो-३, काम २००५ ला सुरू, नियमित वीज एप्रिल २०२३ पासून. चीनने तैशानला दोन बऱ्याच लवकर उभ्या केल्या, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण आपण चीन नाही.

सौर विजेचा लिलाव गुजरातमध्ये २०२० ला युनिटला १ रुपया ९९ पैशांवर गेला होता. साठवणुकीचा खर्च धरला तरी ईपीआर त्याच्या जवळपास येईल असं मला कोणी कागदावर दाखवलेलं नाही. आणि महाराष्ट्राला परदेशी कंपनीच्या महाग विजेचा अनुभव आहे. दाभोळच्या एन्रॉनला अरबी समुद्रात बुडवायची घोषणा देऊन शिवसेना-भाजप युतीने निवडणूक जिंकली, सत्तेत आल्यावर फेरवाटाघाटी करून तोच प्रकल्प वाढवून घेतला. १९९९ ला वीज सुरू, दोन वर्षांत वीज मंडळाला परवडेना, बंद. एन्रॉन डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत. दाभोळचं लोढणं अजून आपल्या गळ्यात आहे.

म्हणून माझं मत: अणूला हो, जैतापूरला नाही.

टर्बाइन_निवृत्त

हिशेबनीस, यावर मात्र तुमच्याशी हात मिळवतो. आपल्या ७०० मेगावॉटच्या देशी भट्ट्या काकरापारला चालू आहेत, राजस्थानात चालू आहेत. अशा दहा एकदम बांधायला २०१७ ला मंजुरी मिळाली. जड पाण्याचं तंत्र आपलं, माणसं आपली. मग माडबनला याच का नकोत, हा प्रश्न मीही खात्यातल्या ओळखीच्यांना विचारला. उत्तर विजेचं नसतं, परराष्ट्र धोरणाचं असतं. २००८ ला अमेरिकेशी अणुकरार झाला, ज्या देशांनी साथ दिली त्या प्रत्येकाला एकेक किनारा मिळाला. रशियाला कुडनकुलम होतंच, फ्रान्सला जैतापूर, अमेरिकेला गुजरातचं मिठीविर्दी. मिठीविर्दीवाल्यांनी एवढा विरोध केला की भट्ट्या आंध्रात कोव्वाडाला गेल्या. बंगालने हरिपूर २०११ ला सरळ नाकारलं. म्हणजे विरोध केला की प्रकल्प हलतो, हेही लोक बघत असतात.

फक्त एक. संध्याकाळच्या विजेचं काय, हे सोलरवाल्यांनी अजून सांगितलेलं नाही.

मावळतीचा_मुळशीकर

सांगितलंय, तुम्ही वाचलं नाहीत. दिवसा सोलरने पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडायचं. घाटघरला २५० मेगावॉटचं असं केंद्र २००८ पासून आहे. टाटांनी २०२३ मध्ये भिवपुरी आणि शिरवत्याचे मिळून २८०० मेगावॉटचे करार राज्याशी केले. आता अख्ख्या सह्याद्रीत असे करार झालेत. शिरवता म्हणजे पुन्हा मावळच! शंभर वर्षांनी परत आमच्याच डोंगरात. या वेळी कोण कोणाला विचारतंय ते बघायचं.

नाटेकर_होडीवाला

एक सरळ प्रश्न, कोणीही उत्तर द्या. नव्या कायद्यात अपघात झाला तर पैसे कोण देणार आणि किती?

हिशेबनीस

जुन्या कायद्यात भट्टी चालवणाऱ्याची मर्यादा १५०० कोटी होती, आणि यंत्रात खोट निघाली तर पुरवठादाराकडून वसूल करायची सोय होती. त्या कलमामुळेच फ्रेंच आणि अमेरिकन अडून बसले होते. नव्या कायद्यात मोठ्या भट्टीसाठी चालकाची मर्यादा ३००० कोटी केली, वरचं केंद्र सरकार बघणार. पुरवठादाराकडे मात्र करारात तसं लिहिलेलं असेल किंवा कोणी मुद्दाम घात केला असेल तरच जाता येईल.

तुलनेसाठी: फुकुशिमाची भरपाई आतापर्यंत दहा लाख कोटी येनच्या पुढे गेली. रुपयात पाच लाख कोटींच्या वर.

नाटेकर_होडीवाला

तीन हजार कोटी. आणि त्यात समुद्र धरलाय का?

हिशेबनीस

पर्यावरणाचं नुकसान आणि त्यामुळे बुडालेलं उत्पन्न व्याख्येत आहे. ते सिद्ध तुम्हाला करावं लागेल. उतरलेल्या मालाच्या पावत्या, जेटीवरच्या नोंदी, डिझेल कोट्याची कागदपत्रं, जे असेल ते आतापासून जपून ठेवा. भट्टी येवो न येवो.

टर्बाइन_निवृत्त

नाटेकर, २०१० च्या जनसुनावणीच्या वेळी मराठी अहवाल वेळेत मिळाला नाही अशी तक्रार होती, ती रास्तच होती. गरम पाणी कसं पसरतं त्याची जी प्रतिमानं (मॉडेल) करतात, ती मी तुम्हाला मराठीत आकृत्या काढून समजावून देतो. बाजू घेत नाही, फक्त वाचायचं कसं ते. सुनावणी पुन्हा झाली तर प्रश्न तुम्ही विचारा.

नाटेकर_होडीवाला

पाठवा काका. पण त्यात मेच्या अखेरचं आणि नारळी पौर्णिमेनंतरचं पाणी वेगवेगळं दाखवलेलं असेल तरच. मागच्या वेळी एकच चित्र दाखवलं होतं आणि ते कुठल्या महिन्याचं ते साहेबालाही सांगता आलं नव्हतं.